मागे राहणारी रेघ

अन्याय झाला मासवणजवळच्या पाड्यावरच्या एका मुलीवर, गेल्या दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी दहा वाजता. आणि तो मी केला.

त्याच आठवड्यात शनिवारी तिची कुंभवलीजवळच्या एका कारखान्यात परीक्षा होती. संगणकावर यंत्राच्या भागाचं चित्र काढायचं. जमलं तर नोकरी, नाहीतर आईबापाबरोबर वीटभट्टीवर. सरावाला, पाड्यांवर काम करणाऱ्या आमच्या संघटनेच्या खोलीत एकच संगणक, तोही कुणीतरी भंगारात काढलेला, कारण संगणक चालवणारी नवी विकतची प्रणाली त्यावर चालत नव्हती. धडधाकट यंत्र असं फेकून देतात याचा मला आजही संताप येतो.

मोफत आणि खुल्या अशा दोन प्रणाली हाताशी होत्या, लिनक्स आणि बीएसडी. दोन्ही युनिक्स या जुन्या प्रणालीच्याच वळणाच्या. त्या सोमवारी मी बीएसडी टाकली. एका हातानं घडवल्यासारखी नेटकी, माहितीपुस्तिका चोख. आणि खरं सांगायचं तर मला मिरवायचं होतं. पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या आमच्या जुन्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, तिच्यावर चालत नाही, हे मला दिसलं होतं. पण पडद्यावर चित्र येत होतं ना! म्हटलं, चालेल.

"दादा, रेघ माज्या हाताच्या मागनं येते."

"होईल सवय," मी म्हणालो आणि सॉफ्टवेअरच्या स्वातंत्र्यावर तिला अर्धा तास ऐकवलं.

बुधवारी तिनं माउस बाजूला ठेवला. "पत्रक छापायच्या आदी तुमी आमाला मोठ्यानं वाचायला लावता. कुटं आडलं तर बदलता. ह्यो कंप्युटर आमाला कुटं इचारून लावला?"

आमचा नियमच आहे तो. पाड्यावरच्या कुणी वाचल्याशिवाय पत्रक छापायला जात नाही. चार वर्षं मी तो पाळला होता, आणि इथे विसरलो.

त्याच दुपारी लिनक्स टाकलं. रेघ हाताबरोबर धावली. पण चित्र सरकवलं की वरचा भाग पुढे, खालचा मागे, मधोमध फाटलेलं. सरावाचे दोन दिवस उरले होते. शनिवारी वेळ संपली तेव्हा तिचं चित्र अर्धं होतं.

"तोंड पाडून बसू नका आता," तीच मला म्हणाली. "पुडची परीक्षा उन्हाळ्यात हाय."

आईबाप भट्टीवर गेले. तिनं त्यांच्याकडून उन्हाळ्यापर्यंतची मुदत मागून घेतली. फाटणाऱ्या चित्राचा व्हिडिओ काढून, कार्डाची माहिती जोडून आम्ही ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना पाठवला. एका अनोळखी माणसानं दुरुस्ती पाठवली. फाटणं थांबलं, पण तासाभरानं पडदा गोठतो. तो लिहितो, दोष तुमच्या कार्डाचा की माझ्या कोडचा, हे दुसऱ्या जुन्या कार्डावर तपासल्याशिवाय सांगता येणार नाही.

दुसरं जुनं कार्ड आमच्याकडे नाही. हे वाचणाऱ्या तुमच्याकडे आहे. माळ्यावर, चादरीखाली ठेवलेल्या जुन्या संगणकात. तो संगणक खाली उतरवा, लिनक्स टाका, आमच्याकडून ती दुरुस्ती मागवून चढवा, तासभर चित्र सरकवत बसा आणि जे दिसेल ते लिहून आम्हाला कळवा. नीट चाललं तरी कळवा. उन्हाळ्याच्या आत.