रुमालाखाली विकलेली शर्यतीची गाडी

आमच्या घरी शर्यतीची गाडी होती आणि ती वर्षातून एकदा, जागच्या जागी, पाच मिनिटं चालायची.

एरवी ती नाशिक रोडच्या आमच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये उभी असे. पिवळी, दोन दारांची, परदेशी बनावटीची, त्यामुळे स्टिअरिंग डावीकडे. इतकी बुटकी की आत बसताना माणूस आधी जमिनीवर बसतोय की काय असं वाटे. आमचे वडील, म्हणजे अण्णा, तरुणपणी प्रेसमधली नोकरी सांभाळून एका श्रीमंत मित्राबरोबर घाटातल्या शर्यतींना जायचे. मित्र गाडी चालवायचा आणि अण्णा शेजारी बसून पुढचं वळण ओरडून सांगायचे. तो मित्र कायमचा परदेशी गेला, जाताना गाडी रीतसर अण्णांच्या नावावर करून गेला. तेव्हापासून दसऱ्याला झेंडूचा हार घालायचा, नारळ फोडायचा, इंजिन सुरू करायचं, सगळी गल्ली खोकली की बंद करायचं, असा रिवाज. दसरा सोडून बाकी दिवस बॉनेटवर माझी बायको मंगल कुरडया वाळत घालायची.

आता माझ्याबद्दल. मी जरा चौकस आहे. (मंगलच्या भाषेत, संशयी.) रिक्षावाल्याने सुटे परत दिले तर मी नोट उजेडात धरून बघतो. स्कूटरमध्ये पेट्रोल कायम जेमतेम ठेवतो, कारण लोक चोरतात! आजवर कुणी चोरलेलं नाही, पण ते मी जेमतेम ठेवतो म्हणूनच, असं माझं मत आहे.

तर एका रविवारी मोबाइलवर मला आमचीच गाडी दिसली. म्हणजे तशीच, कुठल्या तरी परदेशातली, विकायला काढलेली. खाली मागितलेली किंमत. मी शून्यं मोजली. पुन्हा मोजली.

"मंगल, आपल्या शेडमध्ये दीड कोटी उभे आहेत!"

"थांबा, आधी कुरडया काढते," मंगल म्हणाली.

खाली सरकवलं तर तशीच दुसरी गाडी. मागणी नऊ लाख.

"ही बघा," मंगल म्हणाली.

"ही चोरीची असणार. एवढी स्वस्त कशी?"

"आणि ती दीड कोटीवाली?"

"ती शुद्ध फसवणूक आहे."

"मग आपली कितीची?"

"आपली खरी आहे," मी म्हणालो.

जेवताना हीच चर्चा. मी दीड कोटी आणि नऊ लाख यांच्या मधला कुठला तरी आकडा शोधत होतो, मंगल नऊला चिकटून होती. अण्णांनी आमटी भुरकून शांतपणे सांगितलं, "अरे श्रीकांता, मागितला म्हणजे तो भाव होत नाही. मी या आमटीचे हजार रुपये मागेन, देणार आहेस का तू?"

"अण्णा, आमटी दुर्मिळ नाही."

"चांगली आमटी या घरात दुर्मिळच आहे," अण्णा म्हणाले. (मंगलने वाढणं थांबवलं.) मग त्यांनी ताट बाजूला सारलं. "हे बघ, विकायची तर वीक. शेडमध्ये सडण्यापेक्षा बरं. किमतीत मला रस नाही. फक्त जो कुणी घेईल त्याने एकदा मला शेजारी बसवून मोहदरी घाट चढवायचा. एवढं एकच माझं मागणं आहे."

"मुळीच नाही!" मी ओरडलोच. "घाटात बंद पडली तर भाव निम्म्यावर येईल. गाडी शेडमधून हलणार नाही!"

अण्णा उठले, शेडमध्ये गेले, गाडीत बसले आणि दार ओढून घेतलं. मला खरंच वाईट वाटलं. पण तेवढ्यात मनात आलं, दार जोरात तर नाही ना आपटलं?

मी जाहिरात टाकली. मागणी, चाळीस लाख. पहिल्या माणसाचा फोन आला, "चाळीस ना? चालेल." मी घाबरून फोन कापला. एवढ्या लवकर कबूल होणारा माणूस नक्की काहीतरी जाणून असणार! दुसरा म्हणाला पाच लाख. हा त्या पहिल्याचाच साथीदार, मला नरम करायला बसवलेला. तिसऱ्याने फक्त विचारलं, "गाडी कुठे उभी असते?" त्याच संध्याकाळी मी शेडला दुसरं कुलूप लावलं.

मग घरात कडक नियम केला. दूधवाला असो, पाहुणा असो, आपण कितीपर्यंत उतरणार तो आकडा कुणासमोर उच्चारायचा नाही. अगदीच वेळ आली तर किमतीला 'तब्येत' म्हणायचं. चार दिवसांनी समोरच्या चव्हाणकाकू कुंपणापलीकडून म्हणाल्या, "काय हो, चाळीसची तब्येत उतरून तीसवर आली का?"

मी मंगलकडे पाहिलं. मंगल आभाळाकडे पाहायला लागली.

या परिस्थितीत मला सिन्नरचा मामा आठवला. मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ, उभा जन्म बैलबाजारात दलाली केलेला. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचा हात एका रुमालाखाली जातो. आत बोटं धरायची, दाबायची, सोडायची. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला भावाचा पत्ता लागत नाही. सौदा पटला की हातावर विसार, म्हणजे बयाणा, ठेवायचा. विसार हातात पडला की ब्रह्मदेव आला तरी माघार नाही.

"आरं, भाव काय वरडून सांगायची चीज हाय व्हय?" मामा म्हणाला. "तू गिऱ्हाईक आण. बाकी माझ्यावर सोड."

मी खूश झालो. जगातली एवढी सुरक्षित पद्धत मला आजवर कुणी सांगितली कशी नाही, याचाच मला संशय आला.

गिऱ्हाईक आलं मालेगावहून. युसूफभाई. घरचे यंत्रमाग, आणि नाद जुन्या गाड्यांचा. आल्या आल्या त्यांनी सतरंजी अंथरली, टॉर्च घेतला आणि थेट गाडीखाली सरकले. बराच वेळ नुसते पाय दिसत होते. मी पायांवर लक्ष ठेवून होतो. बाहेर आले ते चेहरा उजळलेला, हातात काहीतरी पांढरं.

"भाऊ, गाडी एकदम ओरिजिनल आहे. पण पुढच्या जाळीत हे काय निघालं?"

"कुरडई," मंगल म्हणाली. "तळून देऊ का चार?"

(आता कुरडईपायी भाव पाडणार, हे मी ओळखलं.)

मामाने खांद्यावरचा मोठा रुमाल काढला. युसूफभाई तो पाहून हरखले. "अरे वा! आमचे दादा बैलबाजारात असाच सौदा करायचे. मला लहानपणीच शिकवलंय." त्यांनी बाही वर सारली. शेडमध्ये गाडीसमोर दोघं उभे राहिले, हात रुमालाखाली गेले. "येका बोटाला येक लाख," मामाने जाहीर केलं, आणि पुढे सगळी सामसूम.

रुमाल हलत होता. मामा मान हलवत होता. युसूफभाई ओठ चावत होते. अण्णा गाडीच्या टपावर हात ठेवून उभे होते, कुणीतरी ऑपरेशनला आत गेल्यासारखे. मी चेहरे वाचायचा प्रयत्न करत होतो, पण मामाचा चेहरा बैलासारखाच निर्विकार. तेवढ्यात मामा पुढे झुकला आणि युसूफभाईंच्या कानात काहीतरी कुजबुजला! युसूफभाईंनी अण्णांकडे पाहिलं, हसले आणि मान डोलावली. मामाही हसला.

माझ्या डोक्यात घंटाच वाजली. रुमालाखाली बोटं चालू असताना कानात बोलायचं काय कारण? सरळ आहे! मामा फुटला! सख्खा मामा!

"थांबा!" मी म्हणालो. "मी स्वतः बोलतो."

"आरं, झालंय सगळं. आता निस्ता विसार घ्यायचा हाय," मामा म्हणाला.

"मालक मी आहे."

"मालक मी आहे," अण्णा म्हणाले, पण तोवर मी मामाला बाजूला सारून हात आत घातला होता.

इथे दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक, मला त्या बोटांच्या भाषेतलं अक्षरही येत नव्हतं. दोन, मला फार गुदगुल्या होतात.

युसूफभाईंनी अदबीने माझी दोन बोटं धरली. मी दात आवळले. त्यांनी तळव्यावर अंगठा टेकवला. मी "ऊं" असा आवाज काढला. त्यांना ते घासाघीस करणाऱ्या कसलेल्या व्यापाऱ्याचं हुंकारणं वाटलं असावं, कारण त्यांनी आदराने करंगळी चाचपली. मग मात्र मला राहवेना. मी हात आक्रसला, सोडवला, पुन्हा पकडला गेला, मी तीन बोटं झटकली, फिस्सकन हसलो आणि जोरजोरात मान हलवली. "बस्स! बस्स!"

"माशाल्ला!" युसूफभाई म्हणाले. रुमाल दूर झाला. माझ्या तळहातावर विसाराची नोट होती.

सौदा पक्का झाला होता. केवढ्याला, हे मात्र विकणाऱ्या मलाच माहीत नव्हतं.

आणि विचारणार कसं? "मामा, मी आत्ता गाडी कितीला विकली?" असं कुणी विचारतं का? मी कमरेवर हात ठेवून, सगळं मनासारखं झाल्यासारखा उभा राहिलो. मंगलने चहा आणला आणि हळूच विचारलं, "केवढ्याला?"

"आकडा उच्चारायचा नाही, ठरलंय ना आपलं?" मी करड्या आवाजात म्हणालो.

युसूफभाईंनी तिथेच मोबाइल काढला, अण्णांच्या खात्यात पैसे पाठवले. मी अण्णांच्या मोबाइलमध्ये डोकावलो. अठरा लाख.

मामा मला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेला. "श्रीकांत्या, लय शाना तू! म्या येकवीस ठरवलं व्हतं. तू आत हात घालून तीन बोटं सोडून दिली. तीन लाखाच्या गुदगुल्या करून घेतल्यास!"

"पण तू त्यांच्या कानात काय सांगितलंस?" मी तरीही सोडलं नाही.

"आरं, बोटांत घाटाला खूण नाय! तोंडानंच सांगाया लागतं. म्हनलं, दाजींना येकडाव शेजारी बसवून मोहदरी घाट चढवा. त्यो म्हनला, जीव ओवाळून टाकीन."

मी खाली बघितलं. खाली मंगलने काढून ठेवलेल्या कुरडया होत्या. तीन लाख गेल्याचं दुःख मोठं की अण्णांचं एवढंसं मागणं मामाला मांडावं लागलं याची लाज मोठी, ते मला ठरवता येईना. पण ही हळवी अवस्था फार टिकली नाही, कारण बाहेर इंजिनचा आवाज आला. दसरा नसताना!

धावत बाहेर आलो तर पिवळी गाडी गेटमधून बाहेर पडत होती. डावीकडे युसूफभाई, उजवीकडे अण्णा. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की हा माणूस गाडीबरोबर अण्णांनाही पळवतोय. (अठरा लाख देऊन कुणी ऐंशीच्या घरातला म्हातारा पळवत नाही, हे मंगलने नंतर समजावून सांगितलं.) मी स्कूटरला किक मारली आणि मागे लागलो.

सिन्नरच्या रस्त्याला लोक थांबून बघत होते. त्यांना दिसत होतं ते असं, की गाडीत उजवीकडे, जिथे ड्रायव्हर असतो, तिथे एक म्हातारे गृहस्थ बसलेत आणि स्टिअरिंग सोडून दोन्ही हात हवेत नाचवतायत. एका टपरीवाल्याने तर हात जोडले. घाट लागला तसा अण्णांचा आवाज मला मागे ऐकू आला. "डावीकडे, मोठं! आता उजवीकडे, आवळून! दाब, दाब!" तो आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. आमच्या घरात ते मीठसुद्धा हळू आवाजात मागतात. तेवढ्यात स्कूटरने दोन आचके दिले आणि ती बंद पडली.

पेट्रोल संपलं होतं. (चोरीला गेलं नव्हतं!)

मी घाटात उन्हात उभा राहिलो. बऱ्याच वेळाने वरून पिवळी गाडी उतरत आली, न थांबता, न खोकता, आणि माझ्यापाशी येऊन उभी राहिली. अण्णांचे उरलेसुरले केस उभे, डोळे ओले, आणि चेहरा असा की मी त्यांना आधी ओळखलंच नाही.

"अंकलने एक वळण चुकवलं नाही, भाऊ," युसूफभाई म्हणाले. "यांच्यासाठी मी पंचवीससुद्धा दिले असते." (मामाने एकवीसलाच का थांबावं? यावर मी वेगळा विचार करतोय.)

"पेट्रोल संपलं?" अण्णांनी मला विचारलं.

"हो."

"दोर आहे गाडीत. ओढत नेतो घरापर्यंत. पण फुकट नाही." अण्णांनी खिडकीतून हात बाहेर काढला, त्यावर निघताना शेडमधून उचललेला मामाचा रुमाल टाकला आणि म्हणाले, "घाल हात."

मी निमूटपणे हात घातला. अण्णांना माझ्या गुदगुल्या माझ्या जन्मापासून ठाऊक आहेत. मी भर घाटात रस्त्यावर बसून खिंकाळलो, मान हलवली, आणि सौदा पक्का झाला.

केवढ्याला, हे अण्णा अजून सांगत नाहीत. हप्ते मात्र मी भरतोय!