युटावर मीठ

आमच्या घरी मीठ युटावर असतं. लोणचं नेवाडात, तुपाचं भांडं वायोमिंगच्या कोपऱ्यात आणि पाण्याचा जग पॅसिफिक महासागरात. जेवणाच्या टेबलावर जाड पारदर्शक प्लॅस्टिक आहे आणि त्याखाली पश्चिम अमेरिकेचा मोठा नकाशा पसरलेला आहे. नवरा निवृत्त झाला की तिकडे जायचं, एक वोनमोबिल भाड्याने घ्यायची, म्हणजे आतच झोपायची, स्वयंपाकाची नि संडासाची सोय असलेली गाडी, आणि राष्ट्रीय उद्यानं बघत फिरायचं, असं आमचं ठरलं होतं. तो नकाशा त्याच बेतातला.

मीठ युटावर का, तर तिथे खाऱ्या पाण्याचं सरोवर आहे. हा यांचा विनोद. त्यावर मी दर वेळी कपाळाला हात लावायचा, हाही त्याचाच भाग.

'हे' म्हणजे नवरा. तोंडावर मी त्यांना अहो म्हणते आणि ते मला अगं. पुण्याहून लग्न होऊन इथे जर्मनीत, इंगोलश्टाटला आलो तेव्हापासून असंच आहे. मुलगी लहान असताना किंडरगार्टनच्या बाईंनी तिला वडिलांचं नाव विचारलं, तर तिने ठणकावून "अहो" सांगितलं. मग त्या बाई रोज सकाळी दारात यांना "गुटन मॉर्गन, हेर अहो" म्हणायच्या आणि हे मान लववून उत्तर द्यायचे. मी म्हटलं, त्यांना खरं नाव सांगा ना. तर म्हणाले, "जर्मनीत कुणीतरी मला अहो-जाहो करतंय, करू दे की."

यांचं आयुष्य गाड्यांच्या दारांत गेलं. मोठ्या कारखान्याला सुटे भाग पुरवणाऱ्या एका कंपनीत ते दाराभोवतीच्या रबरी पट्ट्यांचं काम करायचे. कुठल्याही गाडीत बसले की आधी दार लावून कान द्यायचे आणि निकाल सांगायचे, "वाजणार ही." लोकांच्या नव्याकोऱ्या गाडीत बसूनही हेच. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पुण्यात रिक्षात बसले की मात्र बिचारे गप्प, तिला दारच नाही.

मला गाडी येत नाही. प्रयत्न करून झाला. मला डावं-उजवं कळतं, पण तोंडातून उलटं येतं. "उजवीकडे" म्हणते आणि हात डावीकडे करते. हात बरोबर असतो. फारशूलमध्ये, म्हणजे इथल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये, शिकवायला होते ते गृहस्थ फार सज्जन, पण तेही शेवटी म्हणाले की तुम्ही ट्रेनने फिरत जा. यांनी मात्र आमच्या पहिल्याच प्रवासात तोडगा काढला. "तू तोंडाने काय म्हणायचं ते म्हण. मी हात बघतो." त्या हातावर आम्ही इटली केली, नॉर्वे केलं. पुढे गाड्यांमध्ये रस्ता सांगणारी बाई आली, तर हे तिला बंद करून टाकायचे. "तिला हात कुठायत?"

बेत आखायला आम्ही निवृत्तीची वाट बघितली नाही. त्याच्या कितीतरी आधीपासून रोज चहाच्या वेळी टेबलाशी बसायचं आणि भांडायचं. यांना आधी यलोस्टोनची उकळती कुंडं बघायची होती. मला आधी युटातल्या लाल दगडांच्या कमानी. इथल्या आमच्या पहिल्या घरात आम्ही शिरलो तेव्हा स्वयंपाकघरात ओटासुद्धा नव्हता, इथे तशीच पद्धत, पण आधीच्या भाडेकरूने भिंतीवर एक कॅलेंडर ठेवलं होतं आणि त्यात त्या कमानी होत्या. मी म्हटलं होतं, इथे जाऊ या कधीतरी. त्या वाक्याचा यांनी एवढा बेत केला. वोनमोबिलला ते 'बिऱ्हाड' म्हणायचे. बिऱ्हाडात कुकर न्यायचा का, बिऱ्हाडाच्या संडासाची टाकी कुणी रिकामी करायची. "तुम्हीच," मी म्हणायचे, "मी रस्ता सांगणार, मला हात मोकळे हवेत."

ते निवृत्त झाले. अमेरिकेआधी रंगीत तालीम हवी म्हणून आम्ही एक बिऱ्हाड दोन दिवसांसाठी घेतलं आणि जवळच आल्टम्यूल नदीच्या काठी मुक्कामाला गेलो. एवढी लांबलचक गाडी त्यांनी मागे घेत अशी लावली की शेजारच्या जर्मन आजोबांनी टाळ्या वाजवल्या. सकाळी हे पाव आणायला गेले ते परत येईनात. मी बघायला गेले तर हे दुसऱ्याच एका पांढऱ्या गाडीत बसलेले, समोर कॉफी. आपली समजून त्यांनी तिचं दार उघडलं होतं आणि आतल्या बाईंनी त्यांना बसवून घेतलं होतं. आम्ही सगळेच हसलो. गाड्या खरंच एकसारख्या होत्या.

परत येताना एका चौकात मी "उजवीकडे" म्हटलं, हात डावीकडे केला, आणि हे उजवीकडे वळले. मग मी चिडवलं, "आज माझं ऐकायला लागलात की काय?" त्यांनी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि समोर बघत विचारलं, "अगं, आपण कुठे चाललोय?"

"घरी," मी म्हटलं.

"हो, पण कुठल्या?"

त्यानंतर तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं आणि गाडी आता बंद म्हणाल्या. हे "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणाले, मीटिंगमध्ये म्हणायचे तसं, आणि घरी येऊन किल्ली माझ्या हातात दिली. मी ती घेऊन काय करणार होते? मुलगी ड्युसेलडॉर्फहून आली. तिला मराठी सगळं कळतं, बोलते जर्मन. म्हणाली, मी चालवते, आपण तिघं जाऊ. म्हणून सरावासाठी आधी यांना थोडे दिवस तिच्या घरी नेलं. तिथे यांना बाथरूम सापडेना. भिंतीला हात लावत पॅसेजमध्ये उभे राहिले आणि लहान मुलासारखे रडले. नवी जागा त्यांना आता भिववते. अमेरिका तिथेच संपली.

निदान आमच्यापुरती संपली. टेबलावर ती होतीच आणि चहाला बसलं की हे विचारायचे, "काय गं, कमानी आधी ना?" मीही सुरू व्हायचे. मुलगी एकदा वैतागली. "ममा, जाग ईम डॉख डी वारहाइट!" खरं सांग म्हणे त्यांना. मी म्हटलं, खरं तुझ्या घरी ठेव, माझ्या टेबलावर नको. ती रडली, मग मीही. मला राग यायचा, कुणाचा ते कळायचं नाही. कधी त्या कॅलेंडरवाल्या भाडेकरूचासुद्धा यायचा.

डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला आणखी एक सांगितलं होतं. पुढे पुढे ते तुम्हालाही ओळखणार नाहीत, मनाची तयारी ठेवा. अशी तयारी कशी ठेवतात ते मला माहीत नाही. मी फक्त 'अगं'कडे कान ठेवला. माझं नाव ते तसंही कधी घेत नव्हते, त्यामुळे ते विसरले तरी मला कळणार नव्हतं. भात खाल्लेला विसरले, मुलीचं लग्न विसरले, आई गेलेली विसरून मला दोनदा विचारलं की ती जेवली का. पण प्रत्येक वाक्य 'अगं'ने सुरू व्हायचं. जोवर अगं आहे तोवर मी आहे, असं मी धरून चालले होते. 

परवा दुपारी चहाला बसलो. ऊन छान होतं, टेबलाच्या अर्ध्या भागावर पडलं होतं. हे नकाशावर बोट फिरवत होते. बोट मिठाच्या बरणीपाशी अडलं.

"अहो," ते म्हणाले, "जरा हे मीठ उचलता का? खाली रस्ता आहे."

मला वाटलं, माझी नक्कल करताहेत. मीही त्यांची केली. "उचलतो गं, उचलतो," म्हटलं आणि हसले.

ते हसले नाहीत. नव्या शेजाऱ्यांकडे बघून करतात तसं त्यांनी तोंड हसरं केलं.

"तुम्ही इथेच राहता का?"

"हो."

"बरं झालं. इथे मराठी माणूस भेटणं कठीण." मग थोडं थांबून म्हणाले, "आम्ही जरा या बाजूला फिरायला निघालोय. मी आणि बायको. पण मला आता गाडी चालवू देत नाहीत. तुम्हाला येते का?"

मी कप बशीत ठेवला आणि म्हणाले, "येते."

"मोठी आहे हं गाडी. बिऱ्हाडच आहे."

"येते मला."

त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं, तिथे कुणी ऐकत नाही ना म्हणून, आणि माझ्याकडे वाकून आवाज बारीक केला.

"मग एक सांगून ठेवतो. रस्ता ती सांगेल. पण ती उजवीकडे म्हणाली की लगेच वळू नका. तोंडाने चुकते ती. तुम्ही तिचा हात बघा. हात तिचा कधी चुकत नाही."

"बघेन."

"आणि हसू नका तिला. ती दाखवत नाही, पण तिला लागतं."

मी नाही हसणार म्हणाले.

"ते मीठ तेवढं," त्यांनी आठवण करून दिली.

मी मीठ उचललं. माझा हात त्यांच्या डोळ्यांसमोरून गेला. ते खालचा रस्ता बघत होते.