चैत्रातली बोडकी साळुंकी

ज्या सकाळी मी आटपाडी सोडली, त्या सकाळी आबांनी माझे केस विंचरले. लग्नानंतर मांडवपरतणीला आले होते, अंगावरची हळद अजून उतरायची होती, आणि माझा नवरा वस्तीच्या वाटेवर उभा राहून सारखा घड्याळ बघत होता. आबा मात्र अंगणातल्या कडुलिंबाखाली मला पाटावर बसवून सावकाश गुंता सोडवत होते. समोर पाखरांसाठी ठेवलेली पाण्याची जुनी परात होती. तिच्या काठावर साळुंक्यांची जोडी अंघोळ उरकून पिसं साफ करत बसली होती.

"त्येंचं हुंदे," आबा म्हणाले, "मग आपलं."

म्हणजे साळुंक्यांचं आवरेपर्यंत माझी वेणी घालायची नाही. नवऱ्यानं ते ऐकलं, सासऱ्यांकडे एकदा बघितलं आणि हातातली पिशवी खाली ठेवली. आमची सकाळची एसटी चुकली. दुसरी दुपारी होती.

मी सहा वर्षांची असताना आई गेली, तेव्हापासून लाकडी फणी आबांच्या हातात आली. जन्म मेंढरांमागे गेलेला माणूस, पण वेणी अशी घट्ट घालायचे की शाळेत मारामारी केली तरी सुटायची नाही. वस्तीवरच्या बायका चेष्टा करायच्या, "आबा, आता लुगडंबी नेसा की." आबा हसायचे आणि हसता हसता माझे केस ओढले जायचे. मी ओरडले की मला गप्प करायला ते परातीकडे बोट दाखवायचे. पाखरं बघायला मी अशी शिकले, मान वाकडी करून आणि डोळ्यांत पाणी आणून.

आमच्याकडे विंचरण्याला इंचरणं म्हणतात. माणसं केस इंचरतात आणि पाखरं पिसं इंचरतात, आबांच्या लेखी काम एकच. साळुंकी आधी शेपटीच्या बुडाशी चोच घासते. "तितं तिची त्येलाची डबी हाय," आबा सांगायचे. मग ते तेल चोचीला लावून एकेक पीस बुडापासून टोकापर्यंत ओढून काढते. बुलबुलाला भारी घाई, दोन डुबक्या मारल्या, अंग झाडलं की झालं. चिमण्यांना पाण्यापेक्षा फुफाट्यात लोळायचं वेड. पण मला आवडायची ती साळुंकीची जोडी. एक मान खाली घालून बसायची आणि दुसरी तिच्या डोक्यावरची पिसं चोचीनं निवडायची. "डोस्कं दुसऱ्यानंच इंचरावं लागतं, बाय. सवताच्या डोस्क्यावर चोच पोचती व्हय?" पाऊसकाळ सरताना काही साळुंक्यांची डोक्यावरची पिसं झडायची आणि खालची पिवळी कातडी दिसायची. मी घाबरले तेव्हा आबा म्हणाले होते, "आजारी न्हाई ती. जुनं टाकून नवं घालतीया. दिवाळी झाली की बग कशी नटती."

नवरा गलाईवाला. आमच्या भागातली माणसं या धंद्यात देशभर पांगलीत. सराफांकडचं जुनं सोनं घ्यायचं, आटवायचं, शुद्ध करून द्यायचं. आमच्या वाट्याला मदुराई आली. खाली दुकान, वर दोन खोल्या आणि त्यावर मोकळी गच्ची, तिला इथं मोट्टमाडी म्हणतात. बावीस वर्षांत मी इडलीचं पीठ आंबवायला शिकले, भाजीवालीशी घासाघीस करताना तिला अक्का म्हणायला शिकले. माझी लेक चिडली की तमिळमधूनच भांडते. गच्चीवर मी मातीचं पसरट ताट भरून ठेवते. इथल्या साळुंक्याही आधी शेपटीच्या बुडाशी चोच घासतात. नवीन मुलखात अडचण फक्त मला आली.

आबांना पुढे कमी ऐकू यायला लागलं. फोनवर बोलणं म्हणजे दोन्हीकडून नुसती ओरडाओरड. तेव्हा गेल्या वर्षी पाऊसकाळ सरताना मी थोरल्या भावाला, दादाला, म्हटलं, "मला साडी नको, चोळी नको. रोज सकाळी परातीचा एक व्हिडिओ पाठव." दादानं शब्द दिला आणि पाळला. रोज सकाळी साळुंक्या यायच्या, कधी बुलबुल, आणि खाली लिहिलेलं असायचं, आबा झ्याक हायत. मी डोसा उलटता उलटता ते बघायचे. इथल्या आमच्याकडच्या बायकांना फोन पुढे करून मिरवायचे, "भाऊ असावा तर असा." आज ते वाक्य आठवलं तरी अंगाची आग होते.

गेल्या संक्रांतीला दादानं आबांशी बोलणं करून दिलं. आवाज जड आला, जिभेवर काही ठेवल्यासारखा. "दात काढल्यात त्येंचं," दादा म्हणाला. मला खरं वाटलं, कारण दादाचं काहीही मला खरंच वाटायचं.

"इंचर," आबा म्हणाले. "इंचर, बाय."

मला हसू आलं. बेचाळीस वर्षांची बाई मी, आणि यांना माझ्या केसांची काळजी. "इंचरल्यात, आबा," मी ओरडून सांगितलं. "त्येलबी लावलंय."

ते पुन्हा तेच म्हणाले. मग पुन्हा. दादानं फोन काढून घेतला. "दमल्यात गं त्ये."

चैत्र लागला. माझ्या गच्चीवर साळुंक्यांची घरटी बांधायची लगबग चालली होती. चोचीत काड्या, अंगावर नवीकोरी पिसं, डोकी काळीभोर. मी कपडे वाळत घालत त्यांच्याकडे बघत होते, तेवढ्यात दादाचा व्हिडिओ आला. परातीच्या काठावर एक साळुंकी मन लावून पंख साफ करत होती. तिचं डोकं बोडकं होतं.

आधी मला तिची कीव आली. मग हातातला कपडा तसाच राहिला. चैत्रात बोडकी साळुंकी? आणि लिंबाखालच्या जमिनीवर मोहराचं एक फूलसुद्धा नाही? मी मागचे व्हिडिओ उघडले. फाल्गुनातला, पौषातला, कार्तिकातला. सगळीकडे तीच बोडकी साळुंकी, परातीवर पडलेली तीच फांदीची सावली. पाऊसकाळ सरतानाच्या एकाच सकाळी काढलेले एकेचाळीस व्हिडिओ दादानं सात महिने आलटून पालटून मला पाठवले होते. एकात शेवटी आबांचा आवाज होता. तो व्हिडिओ यायचा तेव्हा माझा मिक्सर चालू असणार, म्हणून मला कधी ऐकू आला नव्हता. आवाज चांगला खणखणीत होता, दात असताना असायचा तसा.

"येवडं कशापायी काडतूस रं?"

दादा उत्तर देत नाही. व्हिडिओ तिथं संपतो.

मी फोन केला नाही. गाडीत बसले आणि कुणाला न कळवता वस्तीवर जाऊन उभी राहिले. लिंब नव्हता. त्या जागी डाळिंब निवडायची पत्र्याची शेड होती. कॅनॉलचं पाणी आल्यापासून आमचं माळरान बागांनी भरलंय, आणि बागांवर पाखरं बसू नयेत म्हणून जाळ्या आहेत. परात शेडच्या कोपऱ्यात पडली होती. गवंड्यांनी तिच्यात सिमेंट कालवलं होतं.

वहिनी दारात आली. "आवं वन्सं, न कळवता आलासा?" हे मला त्या घरात ऐकावं लागलं.

दादा मान खाली घालून एवढंच म्हणाला, "आगं, तू येवड्या लांब. सांगून काय उपेग हुता? रडत बसली असतीस."

आबा माधवनगरला होते. म्हातारी माणसं सांभाळायची एक जागा आहे तिथं, मोठी खोली, ओळीनं खाटा. दादानं त्यांना व्हिडिओ काढले त्याच आठवड्यात तिथं नेऊन ठेवलं होतं, "शेडचं काम हुईस्तवर" म्हणून. तिथंच त्यांच्या अंगावरून वारं गेलं, डावी बाजू गेली. खाटेशेजारी खिडकी होती आणि खिडकीसमोर शेजारची भिंत.

मी पर्समध्ये फणी घेऊन गेले होते. माझे आबा केसांचे शौकीन, खांद्यापर्यंत पांढरे केस आणि रोज तेल. तिथल्या बाईनं सगळ्या खाटांना बरं पडावं म्हणून मशीन फिरवून डोकं साफ करून टाकलं होतं. आबांनी मला ओळखलं, आणि साळुंकी वाकवते तशी मान माझ्यापुढे वाकवली. मी त्या खरखरीत डोक्यावरून हात फिरवत राहिले. फणी पर्समधून बाहेर काढलीच नाही.

बऱ्याच वेळानं त्यांनी जीभ उचलली. "इचारलंस व्हय?"

तेव्हा मला संक्रांत कळली. ते केसांचं बोलतच नव्हते. इंचर नाही, इचार. दादाला विचार, मी कुठं आहे, लिंब कुठं आहे, हे काय चाललंय. भाऊ शेजारी फोन धरून उभा असताना त्यांना एवढंच म्हणता येत होतं. एका अनुस्वारापायी, एका कान्यापायी मी तेलाच्या गोष्टी सांगत बसले. त्यांचं म्हणणं ऐकून घेणारी एकटी मी उरले होते, आणि मीच चुकीचं ऐकलं.

मी तिथं पोचल्यावर आबा बाराच दिवस जगले.

दादा, तू परवा निरोप धाडलास, दिवाळीला माहेरी ये. कुठलं माहेर? लिंब तोडलास याचा राग मी कदाचित गिळला असता, रान तुझं, कष्ट तुझे. आबांचं तुला होत नव्हतं, तर मला एक फोन करायचास, मी त्यांना उचलून मदुराईला नेलं असतं. पण तू मला रोज सकाळी फसवलंस, आणि माझ्याच आवडीच्या गोष्टीनं फसवलंस. तुझ्या डोळ्यांसमोर वाढले मी. मला काय दाखवलं की मी दुसरं काही विचारणार नाही, हे तुला बरोबर ठाऊक होतं.

ते एकेचाळीस व्हिडिओ मी पुसायला घेते आणि ठेवून देते. तो लिंब, ती परात, आबांचा धड आवाज, आता फक्त त्यांतच आहे. तुझी लबाडी आणि माझं माहेर एकाच ठिकाणी आहे, काय करू? रोज सकाळी गच्चीवरच्या ताटात पाणी भरते, साळुंक्यांचं आवरेपर्यंत थांबते, आणि मग तो एक व्हिडिओ लावते, मिक्सर बंद ठेवून.

येवडं कशापायी काडतूस रं?

आबांनी त्या सकाळी तुला इचारलं होतं. उत्तर तू अजून दिलेलं नाहीस. दादा, आता मी इचारतीया.