गाडीला तीन हात डांबर

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, कारण हे सांगताना पुढे माझाच आवाज बसतो. बोईसरच्या कारखान्यात इतकी वर्षं स्टोअर सांभाळतोय, एक बोल्ट इकडचा तिकडे झाला नाही. आणि स्वतःच्या गाडीचं काय करून ठेवलं, विचारू नका!

वलसाडहून जुनी गाडी घेतली, ती आईसाठी. तिच्या गुडघ्यांना शेअर रिक्षात चढवत नाही, आणि आमच्या इकडच्या दांडी गावाहून पालघरला डॉक्टरकडे आठवड्यातून दोनदा जायचं असतं. पण गुजरातची गाडी इकडे आणली की आरटीओत तपासून घ्यावी लागते, तेव्हा इकडचा नंबर मिळतो. तिकडचा ना हरकत दाखला सहाच महिने चालतो. त्यातले साडेपाच माझे कागद जमवण्यात गेले.

एजंट म्हणाला, "पेपर ओके हायत भाऊ. फक्त गाडी खालून गंजलेली दिसली नाय पायजे. साहेब वाकून बघतात."

वाकून बघतात! मी हे डायरीत लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

तडक मामाकडे गेलो. मामाची बोट किनाऱ्यावर ओढलेली, बुडाला डांबर लावणं चाललेलं.

"मामा, गाडीला गंजाचं काय लावू?"

"काय म्हंजे? बोटीला लावतो तेच लाव. दर्या कायी करत नाय, तुजा साहेब काय करील?"

पटलं हो मला! मामा म्हणाला, एक हात पुरे. मी तीन दिले. पाठीवर झोपून, कोपरा न् कोपरा. बाहेर आलो तेव्हा मुलीने मला ओळखलं नाही.

तपासणीच्या दिवशी साहेब खरंच वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"चेसिस नंबर कुठंय?"

"पुढच्या उजव्या चाकामागे, साहेब. सांगाड्यावर कोरलेला."

त्यांनी तिथे कागद धरून वर पेन्सिल घासली. असा ठसा उमटतो म्हणे, तो कागदांशी जुळला की गाडी पास. माझ्या कागदावर काय उमटलं? काही नाही!

"हे काय फासलंय?"

"डांबर, साहेब. तीन हात. स्वतः लावलंय." हे मी अभिमानाने सांगितलं. अभिमानाने!

"गाडी पाण्यात सोडायची होती का? मग बंदरावर जायचं, इथं कशाला आलात?"

रांगेतले सगळे हसले. मी घाबरलो. "आत्ता काढतो साहेब," म्हणत स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि खाली शिरलो. साहेब मागून ओरडत होते, "अहो थांबा, हात लावू नका!" पण मला काम अर्धवट सोडायची सवय नाही. डांबर निघालं. त्याबरोबर गंजाने पोखरलेले शेवटचे तीन आकडेही खरवडून निघाले.

साहेब कपाळाला हात लावून उभे. "परराज्यातली गाडी, चेसिस नंबर खरवडलेला, तोही माझ्यादेखत! आता काय लिहू मी?"

नंबर पुन्हा कोरायची परवानगी हवी. ती तिकडच्या ऑफिसातून आणा, म्हणाले. तिकडे गेलो, तर ते म्हणतात, दाखला दिला, गाडी तुमच्या राज्याची झाली. इकडे म्हणतात, अजून कुठे झाली? आणि या धावपळीत दाखल्याची मुदतही संपली.

परवा आई काठी टेकत अंगणात आली. झाकून ठेवलेल्या गाडीकडे बघत राहिली.

"नापास केली रे तिला?"

"हो."

"काय खोट होती तिच्यात?"

"काही नाही गं. इंजीन चांगलं, ब्रेक चांगले, टायर नवे."

"मंग?"

"मालक गंडलेला निघाला."

आईने मान हलवली आणि म्हणाली, "तो तर आमी तपासून घेतलाच नवता. जा, रिक्षा बोलव."