खालच्या दाराचं माप

सबंध पुणे जिल्ह्यात जिची तोरणं एकाही दाराला नीट बसत नाहीत आणि तरीही ती कुणी काढत नाही, अशी बाई एकच होती, आणि ती माझ्या वाट्याला आतेसासू म्हणून आली. माझ्या बायकोची ही आत्या. आम्ही सगळे त्यांना आत्याबाई म्हणत असू. हातात क्रोशाची सुई आणि काखेत दोऱ्याची पिशवी नाही, अशा अवस्थेत मी त्यांना पंधरा वर्षांत एकदाही पाहिलं नाही. एसटीत बसायला जागा मिळाली नाही तर दांडीला कोपर अडकवून त्या उभ्यानं विणत. कंडक्टर तिकिटाला आला की म्हणायच्या, "ही ओळ व्हऊ दे, बाबा," आणि घोडेगाव-नारायणगाव गाडीचा कंडक्टर, जो एरवी कुणाच्या बापासाठी थांबत नसे, तो ओळ संपेपर्यंत खरोखर थांबायचा.

नव्वदच्या सुमाराला माझं लग्न झालं आणि वारूळवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांवर त्यांच्या भेटींचा वर्षाव सुरू झाला. टीव्ही आला, त्याला झालरीचा रुमाल आला. टेलिफोन लागला, त्याला टोपडं आलं. मिक्सरला झगा आला, गॅसच्या टाकीला परकर आला. माझ्या स्कूटरच्या सीटला जाळीचं आच्छादन आलं आणि त्यावर बसून मी शाळेत पोचलो की त्या जाळीची नक्षी माझ्या विजारीवर उमटलेली असायची. फळ्याकडे तोंड करून समीकरण सोडवायला लागलो की मागून नववीचा वर्ग का फिसफिसतो, हे मला दिवाळीच्या सुट्टीत कळलं. मी गणिताचा मास्तर. प्रत्येक गोष्टीचं कारण मला थोडं उशिराच कळतं.

त्यांची एक गोष्ट मात्र मला पहिल्यापासून जरा अस्वस्थ करायची. त्या कधी कुणाचं माप घेत नसत. नुसत्या बघत. एकदा त्या माझ्या डोक्याकडे दोन मिनिटं टक लावून बघत बसल्या. ओठ हलत होते, पापणी हलत नव्हती. मी उगाच केस सारखे केले. थंडी पडायच्या आत कानटोपी आली आणि ती डोक्यावर अशी बसली की काढताना स्वतःचंच काहीतरी काढतोय असं वाटावं. माझ्या डोक्यात काय आहे, हे आमच्या हेडमास्तरांना अखेरपर्यंत समजलं नाही. डोकं केवढं आहे, हे आत्याबाईंना दोन मिनिटांत समजलं होतं. नात्यातल्या बायका तर त्यांची नजर आपल्यावर थांबली की पदर सावरून आत जात. "बघू नका हो आत्याबाई असं, अंगावर काटा येतो," असं एकीनं म्हटलं तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "बघितलं बी. झालं माझं." तिला महिन्याभरानं हातमोजे आले. दहाही बोटांना चपखल बसले. तिनं ते कधी घातले नाहीत.

मग अशा बाईची तोरणं का चुकावीत? आत्याबाईंचं जुनं गाव धरणाखाली गेलं होतं आणि त्यांचे शेजारीपाजारी घोडेगाव, मंचर, आळे, पार वर तळेघरापर्यंत पांगले होते. त्या एकेकाला तोरण विणून नेऊन देत. मी जिथं जिथं ते पाहिलं, तिथं ते चुकलेलं. कुठं दोन्ही बाजूंनी हातभर लोंबतंय, कुठं अर्ध्याच दारावर येऊन संपलंय. आणि घरची माणसं ते तसंच ठेवून खालून वाकून ये-जा करतायत. माझ्यातला मास्तर हे किती दिवस सहन करणार? एका मेच्या सुट्टीत मी पोलादी टेप घेऊन स्कूटरवर निघालो, अकरा घरांची दारं मोजली, त्यांचा तक्ता केला, आणि आळ्याला एका घरी उत्साहाच्या भरात कात्री मागितली. "जास्तीचं काढून टाकतो, एकदम मापात येईल," असं म्हणून मी त्या तोरणाचा एक तुकडा खचकन कापला.

क्रोशाचं काम कापायचं नसतं, हे तुम्हाला ठाऊक असेल. मला नव्हतं. कापल्या जागेतून एक टाका सुटला, मग दुसरा, मग सगळं तोरण सरसर उसवत माझ्या पायांवर आलं. चुलीपुढची सून उठून उभी राहिली. म्हातारी घरमालकीण खाली बसली आणि एकेक दोरा वेचून ओच्यात घ्यायला लागली, जसा लग्नात सांडलेला तांदूळ वेचतात. मला ओरडलं कुणीच नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"पावणं," म्हातारी म्हणाली, "ते या दाराचं नव्हतं ओ."

"मग कुठल्या दाराचं?"

"खालच्या."

ती सगळी माणसं 'खाली' हा शब्द असा वापरत, जसा आपण माडीवरून तळघराबद्दल वापरतो. खाली म्हणजे पाण्याखाली. आत्याबाई चाळीस वर्षं त्या गावात घरोघरी चौकटीला हात लावून आत-बाहेर करत होत्या, आणि गावातलं प्रत्येक दार त्यांच्या हातात वीत-बोटांसकट राहिलं होतं. तोरणं त्या दारांची होती. नव्या घरांत ती नुसती ठेवायला दिलेली होती.

मी माफी मागायला त्यांच्याकडे गेलो. घोडेगावजवळच्या नव्या वसाहतीत त्या एकट्याच राहायच्या. आतोबा, म्हणजे त्यांचे यजमान, गाव उठायच्या आदल्या वर्षी खालच्या जुन्या घरातच वारले होते. आत्याबाईंनी माझा तक्ता नीट वाचला, त्याची घडी केली आणि तिच्यावर दोरा गुंडाळायला सुरुवात केली.

"तिचं दार साडेतीन वीत आन् दोन बोटं," त्या आळ्याच्या म्हातारीबद्दल म्हणाल्या. "ती देवळाला लागून राहते ना. दुसरं करून देईन. तुमी नका मनाला लावून घेऊ, जावईबापू."

'राहते' म्हणाल्या, 'राहायची' नव्हे. मी चहा घेतला आणि विषय बदलावा म्हणून विचारलं, सगळ्या गावाची तोरणं झाली का?

"समदी झाली. एक राह्यलं."

"कुणाचं?"

"माझं." सुई थांबली. ती थांबलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो. "दुसऱ्याच्या दारात माणूस थांबतं, चौकट धरतं. आपल्या दारात कोण थांबतंय? सरळ आत जातं. चौकट यांनी बसवलेली, माप यांच्या डोक्यात. मी कधी इचारलंच न्हाई. आता ते एक घर तेवढं उघडं हाय."

दरवर्षी उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की देऊळ वर यायचं, पण आत्याबाईंची आळी नदीच्या कडेला, ती कधी वर आली नव्हती. दोन हजारनंतर मात्र लागोपाठ कोरडी वर्षं आली, आणि एका मे महिन्यात कुणीतरी सांगत आलं की खालची आळी दिसायला लागली. दुसऱ्या दिवशी आत्याबाई माझ्या स्कूटरवर मागं बसल्या होत्या. मांडीवर पिशवी, पिशवीत दोऱ्याचा नवा गुंडा.

भर दुपारी बारा वाजता, लख्ख उन्हात, मला इतकी थंडी कधी वाजली नव्हती. भेगा पडलेला करडा गाळ, पायाखाली कचकच मोडणारे शिंपले, आणि त्यातून वर आलेली जोत्यांची दगडं. भिंत एकही नाही. लाकूड तर लोकांनी उठतानाच नेलेलं. मी सरळ पाण्याच्या दिशेनं निघालो, तर मागून हाक आली.

"ओ जावई! तिथनं कुठं? लोकांच्या अंगणातनं जाताय. बोळातनं या."

मी बोळातून गेलो. म्हणजे त्या जिथं वळल्या तिथं वळलो. मोकळ्या माळावर आम्ही दोघं डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे वळत चाललो होतो. एका जागी त्यांनी नसलेल्या गंजीला वळसा घातला, मीही घातला. दम लागला म्हणून एका दगडावर टेकलो तर म्हणाल्या, "उठा उठा, चूल हाय ती." मी असा उठलो की चटका बसल्यासारखा मागे हात लावून पाहिला. पुढे एका जोत्यासमोर त्या थांबल्या, "हायस का गं?" म्हणाल्या, आणि उत्तर यायला लागतो तेवढा वेळ थांबून खुदकन हसल्या.

"काय झालं?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"तुमचंच चाललंय. म्हणती, जावई लईच वाळलाय."

त्यांचं घर शेवटचं. पाणी तिथून पंचवीस-तीस पावलांवर. उंबऱ्याचा लांब दगड शाबूत होता, त्याच्या दोन टोकांना चौकटीचे पाय बसवायच्या दोन खाचा. मी खिशातून पोलादी टेप काढली. "ऱ्हाऊ द्या ती शाळंला," त्या म्हणाल्या आणि दोऱ्याचं टोक माझ्या हातात दिलं. "त्या खाचेवर उभं राहा. कमरेएवढं धरा, दार काय भुईवर नसतं. आन् मी म्हणेपर्यंत सोडायचं न्हाई. हे एकदाच व्हणार हाय, जावईबापू. पाणी परत कधी उतरतंय कुणाला ठावं."

इतकं सोपं काम आयुष्यात मला कुणी दिलं नव्हतं. मी दोरा धरला. समोर त्या मान खाली घालून वीत वीत मोजत, प्रत्येक वितीला गाठ मारत माझ्याकडे सरकायला लागल्या. आणि माझ्या पायाशी खाचेतून एक खेकडा बाहेर आला. चांगला मुठीएवढा. त्यानं नांगी उचलली आणि मी, सोळा वर्षं नोकरी झालेला मास्तर, दोरा टाकून चार पावलं मागं उडी मारली.

खेकडा खाचेत परत गेला. मी दोरा उचलायला पुढे झालो आणि थांबलो. दोरा खाली पडलाच नव्हता. खाचेच्या वर, कमरेएवढ्या उंचीवर, होता तसा ताणलेला होता. सरळ रेषेत. आत्याबाईंची मान खालीच. तिसरी गाठ, चौथी गाठ. मग बोटं मोजली. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हं. सोडा आता," आणि दोऱ्याचं टोक खाली आलं. पडलं नाही. कुणीतरी ठेवावं तसं दगडावर आलं.

मी नंतर काटा शोधला, वाळकी फांदी शोधली. तिथं कमरेएवढ्या उंचीचं काही नव्हतं. वारा असेल. वारा दोरा इतका सरळ धरतो का, हे मला विचारू नका, मी वारा शिकवत नाही.

घरी आलो. बायको म्हणाली, "तोंड असं का झालंय? पेपर फुटला का?" भुताची भीती एक वेळ ओसरली, पण दुसरी गोष्ट मनातून जाईना. त्या बाईनं आयुष्यात एकच माप मागितलं, ते घ्यायचं काम मला दिलं, आणि मी दोरा सोडला. ते माप चुकलं असेल तर? अख्ख्या गावाला अचूक विणणाऱ्या बाईचं स्वतःचं दार तेवढं चुकणार, तेही एका खेकड्यापायी. पाणी चढायच्या आत सांगून टाकावं म्हणून मी तीनदा घोडेगावला गेलो. पहिल्यांदा त्यांनी लाडू दिले. दुसऱ्यांदा त्यांनी पायमोजे दिले. तिसऱ्यांदा त्यांनी विणायला घेतलेलं तोरण दाखवलं, पांढऱ्या दोऱ्यात भाताच्या लोंब्या, आणि विचारलं, "कसं हाय?" मी म्हणालो, "सुरेख." तोवर जुलै लागला. खालची आळी बुडाली.

पुढच्या मेमध्ये पाणी पुन्हा उतरलं. पण हिवाळ्यात आत्याबाई पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं, आणि त्या खाटेवरून उठणार नाहीत हे त्यांच्यासकट सगळ्यांना कळलं होतं. त्यांनी उशाखालून तोरण काढलं. "तुमीच जा. लावून या," एवढंच म्हणाल्या.

मी एकटा गेलो. बोळातून गेलो, गंजीला वळसा घातला, कुठंही टेकलो नाही. टेप खिशात होती, तिला हात लावायचा धीर झाला नाही. एका खाचेवर तोरणाची पहिली कडी ठेवून तिच्यावर दगड ठेवला, आणि एकेक लोंबी उलगडत उंबऱ्यावरून पलीकडे गेलो. शेवटची कडी दुसऱ्या खाचेच्या बरोबर मध्यावर आली. बोटभर कमी नाही, बोटभर जास्त नाही.

संध्याकाळी मी त्यांच्या खाटेशी बसलो.

"बसलं?" त्यांनी विचारलं.

"बसलं." आणि मग, वर्षभर सांगायचं राहिलेलं ते एकदम बाहेर आलं. "आत्याबाई, त्या दिवशी मी दोरा सोडला होता. मधेच."

"ठावं हाय की. उडी लई उंच मारलीत."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? दोरा ताणलेला व्हता." त्या आढ्याकडे बघत होत्या. ओठ हलत होते, पण या वेळी त्या मोजत नव्हत्या. "त्यांचं पहिल्यापासून असंच. काम दुसऱ्याला सांगितलं तरी येऊन सोता धरायचे."

बाहेर वसाहतीतल्या सिमेंटच्या दारांवर वारा सुटला होता आणि सगळ्यांची चुकीच्या मापाची तोरणं हलत होती.

"पाणी कुठवर हाय?" त्यांनी विचारलं.

"दाराच्या जवळच आहे. वीसेक पावलांवर."

त्यांनी डोळे मिटले, अंगावरची शाल हनुवटीपर्यंत ओढून घेतली.

"येऊ दे आता," त्या म्हणाल्या.