कानसेन आणि सहा वाट्या पाणी

आमचे हे खिळ्यांच्या कारखान्यात फिटर होते. एकतीस वर्षं एकच शेड आणि घरी आल्यावर एकच खुर्ची. तारेचं भेंडोळं एका बाजूने यंत्रात शिरतं, आत तुकडा पडतो, त्याला डोकं ठोकलं जातं, टोक काढलं जातं आणि खाली पत्र्याच्या पेटीत खिळे पडत राहतात. मिनिटाला दोनशे-अडीचशे. अशी सहा यंत्रं एका शेडमध्ये. लग्नानंतर मी एकदाच आत गेले होते, ह्यांचा विसरलेला डबा द्यायला. दोन मिनिटांत बाहेर आले आणि संध्याकाळपर्यंत माझ्या डोक्यात खिळे पडत होते.

त्या गोंगाटात ह्यांचं नाव झालं ते कानामुळे. कुठलं यंत्र बिघडणार ते हे आदल्या दिवशी सांगायचे. यंत्राजवळ जायचे, त्याच्या अंगावर तळहात टेकायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "थोरलीचं बेअरिंग चाललंय." दुसऱ्या दिवशी थोरलीचं बेअरिंग गेलेलं असायचं. थोरली, लंगडी, आगाऊ, मुकी ही यंत्रांची नावं. तिथे हजेरीवर माणसांना नंबर होते आणि यंत्रांना नावं. ह्यांना मात्र सगळे, अगदी मालकसुद्धा, कानसेन म्हणायचे. मागच्या वर्षी निवृत्त झाले तरी एखादं यंत्र रुसलं की बोलावणं यायचं. त्या दिवशी हे दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून निघायचे. सासुरवाडीला जाताना कधी एवढे नटले नाहीत.

आता खरं सांगते. गेली नऊ वर्षं ह्यांना धड ऐकू येत नव्हतं. डावा कान पार गेलेला, उजवा नावापुरता. शेडमध्ये सगळेच एकमेकांचे ओठ बघून बोलतात, त्यामुळे तिथे झाकलं गेलं. घरी टीव्ही मोठा व्हायला लागला. फोन वाजला की "तूच घे गं, मला कंटाळा आलाय" सुरू झालं. आपलं गुपित बायकोलाही ठाऊक नाही असा ह्यांचा समज होता. मीही तो मोडला नाही. बोलायचं असलं की समोर जाऊन उभी राहायचे, तोंड नीट उघडून बोलायचे. लोकांना वाटायचं, बाई नवऱ्यावर फार गुरकावते. वाटू दे. ज्याचं नावच कानसेन, तो बहिरा आहे असं एकदा पसरलं असतं तर कारखान्यातलं बोलावणं बंद झालं असतं, आणि त्या बोलावण्यावरच हा माणूस जगत होता.

निवृत्तीनंतर हे घरात बसून बसून माझ्या शिलाई मशीनचे बोल्ट आवळायला लागले. कात्रीचा स्क्रू इतका पिळला की ती उघडेना. मी वाचनालयाच्या फळ्यावर एक कागद बघितला, पन्नाशीपुढच्यांसाठी मोबाइलवर छोटे प्रायोगिक सिनेमे करायचा वर्ग, शनिवारी सकाळी दोन तास, फुकट. प्रायोगिक म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. दोन तास म्हणजे काय हे माहीत होतं. मी नाव घालून आले.

शिकवणारी मुलगी पंचविशीची असेल. हे तिला बाई म्हणायचे. तिचा नियम असा की रोज वहीत पाच ओळी लिहायच्या. डोळ्याने, कानाने, नाकाने, जिभेने आणि कातडीने दिवसभरात जे पकडलं, त्याची एकेक ओळ. आठवड्याने त्यातली एक निवडायची आणि विचार करायचा, हे जे मला जाणवलं ते शब्द न वापरता दुसऱ्याच्या अंगात कसं उतरवू? गोष्ट नको, निवेदन नको, गाणं तर नकोच.

"मग लोक बघणार काय, तुमचं कपाळ?" मी विचारलं.

"बाई म्हणतात, कपाळाचाही होतो सिनेमा," हे म्हणाले, आणि खरंच आरशासमोर जाऊन उभे राहिले.

पहिला सिनेमा माझाच झाला. हातात अर्धं लिंबू दिलं, खिडकीशी बसवलं आणि म्हणाले, चोख. मी चोखलं. चाळीस सेकंद फक्त माझं तोंड. लिंबू कुठे दिसत नाही, नुसता डोळा बारीक होतोय, गालाला खळगा पडतोय, मानेची शीर उभी राहतेय. शनिवारी तो वर्गात लावला आणि अकराच्या अकरा जणांच्या तोंडाला पाणी सुटलं. एका आजोबांना रुमाल काढावा लागला. हे घरी आले ते छाती फुगवूनच. मी म्हटलं, "माझ्या थोबाडावर कसली कमाई करताय?" पण त्या दिवशी भाजी मीही जरा मन लावून केली.

एक दिवस हे अंघोळीला गेले असताना मी ती वही उघडली. अक्षर तेच, यंत्राच्या दुरुस्तीच्या नोंदी लिहायचे तसं, टोकदार. 'नाक : बंद लिफ्टमध्ये दुसऱ्याची ओली छत्री.' 'कातडी : थंडीत ग्रीसच्या डब्यात हात घातला की ग्रीस आधी अडवतं, मग वाट देतं.' 'जीभ : दातांत धरलेला खिळा. डोळ्यांपर्यंत आंबट.' मी कानाची ओळ शोधली. मला वाटलं ती कोरी असेल. ती कोरी नव्हती. 'कान : थोरली, मनगटापर्यंत.' 'कान : लंगडी, कोपरापर्यंत, मग सुटते.' 'कान : आगाऊ, थेट दाढेत.' बाईंनी शेजारी लाल शाईने 'सुंदर कल्पना' असं लिहिलं होतं. ती कल्पना नव्हती, ते मोजमाप होतं. ह्या माणसाने नऊ वर्षं यंत्रं हाडांनी ऐकली होती आणि एकदाही चुकीचा नट फिरवला नव्हता. मी वही होती तशी ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले. कांदा चिरायला घेतला होता, त्यामुळे कारण सांगावं लागलं नाही.

वर्गाच्या शेवटी प्रत्येकाने एक चार मिनिटांचा सिनेमा करून वाचनालयाच्या हॉलमध्ये दाखवायचा होता. त्या महिन्यात माझ्या मांडणीतल्या सहा वाट्या गायब झाल्या. हे रोज पहिल्या पाळीला कारखान्यात जायचे आणि दुपारी ओल्या बाह्यांनी परत यायचे. जुळवाजुळव वाचनालयातल्या संगणकावर एकट्याने बसून केली. मला दाखवायला तयार नाहीत. "हॉलमध्येच बघ," म्हणायचे.

रविवारी दुपारी हॉल भरला. वर्गातल्यांची मुलं-नातवंडं होती, बाहेरगावाहून आलेले सिनेमाचे एक जाणकार पाहुणे होते आणि मागच्या दोन रांगांमध्ये पहिल्या पाळीचे चौदा जण बसले होते, धुतलेल्या शर्टांत, मांडीवर हात ठेवून. त्यांच्यात शेडचे इंजिनियर होते आणि ह्यांचा जुना सोबती लांब्या होता. लांब्या सहा फुटी असल्यामुळे त्याच्या मागची खुर्ची कायम रिकामी.

आधी एका आजींचा पक्ष्यांवरचा सिनेमा झाला. त्यातल्या चिवचिवाटाने हॉल दणाणला. मग ह्यांचा लागला. नाव, 'पहिली पाळी'. पडद्यावर माझी वाटी. यंत्राच्या पाठीवर ठेवलेली, पाण्याने भरलेली, आणि पाण्यावर बारीक गोल गोल वर्तुळं, एकात एक, थरथरणारी. मग दुसरी वाटी. हिच्यातलं पाणी तीनदा उडायचं, थांबायचं, पुन्हा तीनदा. एकेका यंत्रावर एकेक वाटी. यंत्र दिसत नव्हतं, माणूस दिसत नव्हता.

आणि आवाज नव्हता. आधी मला वाटलं सुरू होईल. मग मी भिंतीवरच्या स्पीकरकडे बघितलं, त्याचा हिरवा दिवा लागलेला होता. आताच तर पक्षी ओरडत होते. म्हणजे बिघाड स्पीकरचा नव्हता. सिनेमातच आवाज नव्हता. जुळवाजुळव करताना ह्यांच्या हातून आवाजाची पट्टी बंद झाली होती. संगणकावर आवाजाची नागमोडी रेघ दिसत राहिली आणि ती बघून ह्यांनी आवाज आहे असं धरलं होतं. बाईंनी तो आधी बघितला होता, पण त्यांना वाटलं हे मुद्दामच, मोठं धाडस म्हणून. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच कळलं की अख्ख्या हॉलमध्ये हा सिनेमा मुका आहे हे फक्त एका माणसाला माहीत नाही, आणि तो माणूस माझ्या शेजारी बसून पायाने ताल धरतोय.

उठून दिवे लावून टाकावेत असं वाटलं. शेवटी पडद्यावर ह्यांचा तळहात आला. हातावर पाच-सहा खिळे, मनगट यंत्राला टेकलेलं, आणि खिळे हातावर नाचतायत. मग यंत्र बंद झालं असावं. खिळे एकेक करून निजले. दिवे लागले. टाळ्या वाजल्या, जरा जपून वाजल्या.

पाहुणे उठले. "फार वेगळं काम आहे," ते म्हणाले. "मला एक विचारायचंय. एवढ्या गोंगाटाच्या जागेचा सिनेमा, आणि तुम्ही आवाज पूर्ण काढून टाकलात. का?"

पाहुणे लांब होते आणि त्यांना दाढी होती. ह्यांना ओठ दिसेनात. हे हसून नुसते मान डोलवत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. मी उभी राहिले. काहीतरी ठोकून द्यावं, हो हो, मुद्दामच काढला, म्हणावं, म्हणजे सुटलो. मी तोंड उघडलं.

तेवढ्यात इंजिनियरांनी शेडच्या सवयीने तो प्रश्न मागच्या रांगांना ओठांनी सांगितला, आणि लांब्या उठला. "आवाज कुठे काढलाय साहेब?" तो म्हणाला. शेडमध्ये बोलतात तसं, भिंतीपलीकडे ऐकू जाईल असं. "चांगला खणखणीत होता की. आधी थोरली, मग आगाऊ, मग लंगडी. लंगडीचा तर पट्टा सैल झालाय, पाणी डावीकडे जास्त उडत होतं. ऐकलं ना रे?"

"ऐकलं ना," दुसरा म्हणाला. तिसऱ्याने मान हलवली. चौदाच्या चौदा माना हलत होत्या.

हॉलमध्ये काही जण हसले, चेष्टा समजून. पाहुणे हसले नाहीत. ते मागच्या दोन रांगांकडे बघत राहिले. ह्यांनी मात्र लांब्याचे ओठ वाचले होते. एकतीस वर्षं वाचत आले होते. मी ह्यांच्यासमोर वळले, तोंड नीट उघडलं आणि सांगितलं, "सिनेमात आवाज नव्हता. आम्हाला कुणालाच ऐकू आला नाही."

ह्यांनी मागच्या रांगांकडे बघितलं. मग उठले.

"मला नऊ वर्षं ऐकू येत नाही," हे म्हणाले. "मला वाटलं होतं आवाज आहे."

लांब्या खाली बसता बसता थांबला. "मला सहा वर्षं," तो म्हणाला, आणि हे बोलताना पहिल्यांदाच त्याचा आवाज लहान झाला. त्याच्या शेजारच्याने बोटांनी आकडा दाखवला, चार. त्याच्या मागच्याने, अकरा. एकेक हात वर येत गेला. चौदांतले बारा. रोज आठ तास खांद्याला खांदा लावून उभी राहणारी ही माणसं, आणि प्रत्येकाला वाटत होतं बहिरा मीच एकटा.

इंजिनियर शेवटी बोलले. ते ह्यांच्यासमोर येऊन उभे राहिले, सावकाश, एकेक शब्द सुटा करत. "उद्या येताय ना? लंगडीचा पट्टा बघायला."

"येतो," हे म्हणाले.

पाहुण्यांनी सिनेमा परत लावायला सांगितला. आवाज घालून देते, असं बाई म्हणाल्या, तर पाहुण्यांनी त्यांना अडवलं. आणि ह्या वेळी तो हॉल जसा बसला होता तसा मी कुठे बघितलेला नाही. पुढे पडदा, मागे चौदा जण पायाने ठेका धरतायत, लाकडी जमीन हलतेय, आणि मधल्या रांगांतली शहाणीसुरती, ऐकू येणारी माणसं चपला काढून पाय जमिनीला टेकवून बसली आहेत. मला माझ्या नवऱ्याचा इतका अभिमान वाटला की मी शेजारच्या अनोळखी बाईला सांगितलं, हे माझे आहेत. तिने विचारलंसुद्धा नव्हतं.

अंधार पडल्यावर चालत घरी निघालो. कोपऱ्यावरच्या दिव्याखाली हे थांबले, म्हणजे माझे ओठ दिसतील.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या वर्षापासून."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"बोलले की," मी म्हटलं. "रोज रात्री तुम्ही कुशीवर वळलात की तुमच्या पाठीला सांगायचे. म्हणायचे, मला माहीत आहे, काही बिघडत नाही."

हे बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिले, अजून काही यायचं आहे का ते बघायला. मग माझा हात घेतला, तळवा आपल्या पाठीवर नेऊन ठेवला आणि म्हणाले, "आता परत सांग."