बारा दिवसांच्या भाकरी

सुमनमावशी गेली तेव्हा मी एसटीत होते आणि माझ्या मांडीवर तिच्याच भाकरींचा डबा होता. अणदूरहून धाराशिवला परतताना दर महिन्याला हे ओझं ठरलेलं. त्र्याऐंशी वर्षांची माझी आई धाकट्या बहिणीसाठी ज्वारीच्या कडक भाकरी करणार आणि मी, निवृत्त शिक्षिका, पोस्टमन होऊन त्या पोचवणार. तुळजापूर सोडलं आणि आमच्या ह्यांचा फोन आला. "मावशी गेल्या. चहा घेऊन खुर्चीत बसल्या होत्या, तशाच..." मी डब्यावर दोन्ही हात ठेवून बसून राहिले. कंडक्टरनं विचारलं, "बाई, बरं वाटंना का?" मी म्हटलं, बरंय. काय सांगणार त्याला.

आता सव्वा महिना झाला. रडून झालं, आणि खरं सांगायचं तर मावशीची आठवण आली की रडण्यापेक्षा हसूच जास्त येतं. ती अकरा वर्षांची असताना आजोबा घर उचलून आफ्रिकेला गेले. आजोबा, म्हणजे मावशीचे दादा, गवंडी. सोलापूरच्या एका कंत्राटदारानं मोंबासात बांधकामं घेतली होती, त्यानं बोलावून घेतलं. आजी, आजोबा आणि मावशी असे तिघं मुंबईहून बोटीनं निघाले. माझी आई तेवढी मागं राहिली, कारण सहाच महिन्यांपूर्वी तिचं लग्न झालं होतं. सतरा वर्षांची पोर, सासर गावातलंच, आणि माहेर मात्र समुद्रापार निघालेलं. सासूची परवानगी काढून ती दोन दिवस माहेरी आली आणि काटवटीपुढून उठलीच नाही. शंभरावर भाकरी थापल्या, भाजल्या, चुलीच्या कडेला उभ्या करून वाळवल्या, पापडासारख्या कडक केल्या. आमच्याकडं अशी भाकरी महिना-दोन महिने टिकते. आजोबांनी पत्र्याचा डबा आणला होता, तो आईनंच परत पाठवला. "डब्यात कोंदतील. हवा लागू द्या," म्हणाली, आणि जुन्या धोतरात गुंडाळून सगळ्या दुरडीत रचून दिल्या. तिला बिचारीला हवा माहीत होती ती आमच्या माळावरची.

महिन्याभरानं मोंबासाहून पत्र आलं. आजी-आजोबांना लिहिता येत नव्हतं, त्यामुळं अक्षर मावशीचं. शाळेतल्या गुरुजींनी ते आईला वाचून दाखवलं. 'अक्कास नमस्कार. बोट बारा दिवस चालली. तुझ्या भाकरी उतरेपर्यंत पुरल्या. कडक राहिल्या.' आईनं ते पत्र देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवलं ते आजतागायत तिथंच आहे. आम्ही भावंडांनी ते वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की झोपेत उठवलं तरी म्हणून दाखवू. सासरी काही बोलणं खावं लागलं की आईचं एकच, "माझ्या हातच्या भाकरीवर आफ्रिका गाठली माझ्या माणसांनी." आजी-आजोबा पुढं तिकडंच वारले. आईला ते पुन्हा दिसले नाहीत. त्या सगळ्या प्रवासात तिचा वाटा काय तो एवढाच.

मावशीचं लग्नही तिकडंच झालं, तिकडच्याच एका मराठी घरात. नवरा गेल्यावर मुलगा तिला इंग्लंडला बोलवत होता. "आता नवा मुलूख नको," म्हणून ती सरळ धाराशिवला आली आणि आमच्या पुढच्या खोलीत सतरा वर्षं मजेत राहिली. बोलणं मात्र अकराव्या वर्षी नेलं तसंच परत आणलेलं, 'म्या' आणि 'लई' सकट. मी घाई करायला लागले की म्हणायची, "पोले पोले." तिकडच्या भाषेत हळूहळू. गल्लीतले रिक्षावालेसुद्धा एकमेकांना पोले पोले म्हणायला लागले होते. आणि एक सवय. कडक भाकरी हातात आली की ती कानाशी नेऊन मोडायची. कट्कन वाजली की मान डोलवायची, मगच शेंगाचटणीला हात. आम्ही चिडवायचो, "मावशी, बातम्या लागल्या का?" भाकरी पाहिजेत त्याही घट्ट झाकणाच्या डब्यातूनच. त्यावर आई उखडायची. "लई शानी. आफ्रिकेला दुरडीतल्या चालल्या, अन् धाराशिवला डबा पायजे व्हय?" मावशी यावर कधी बोलली नाही.

चार वर्षांपूर्वी मी तिला खनपटीला बसून विचारलं, तेव्हा तिनं आधी दार लोटून घेतलं. "शोभे, त्या भाकरी तिसऱ्या दिवशीच सादळल्या गं. समुद्राची हवा... आमाला काय ठावं? पाचव्या दिवशी बुरशी आली. दादांनी दुरडी कठड्याशी नेली अन् एकेक करून पाण्यात सोडल्या. आई तोंडाला पदर लावून बसली. म्या एक परकरात दडवली हुती, ती बी वास मारायला लागली."

"मग पत्रात?"

"दादा म्हणले हुते, खरं लिही. मला न्हाय लिहवलं. अक्का तिकडं एकटी... तिला काय लिहू, पाण्यात टाकल्या म्हणून?" मग माझा हात धरून म्हणाली, "तिला सांगू नको. तिच्या वाट्याला तेवढंच आलंय." मी शब्द दिला.

आणि पेपरच्या पुरवणीसाठी मावशीवर हा लेख लिहायला बसले तर माझीच पंचाईत. भाकरी गाळल्या तर मावशी उरते किती? आणि लिहाव्या तर आई पुरवणीतलं अक्षर न् अक्षर नातसुनेकडून वाचून घेते. शब्द मोडायचाच तर समोर बसून मोडावा, असं ठरवून गेल्या रविवारी कागद आणि तो न उघडलेला डबा घेऊन अणदूर गाठलं. आईला कमी ऐकू येतं, म्हणून मोठ्यानं वाचलं. आई भिंतीला टेकून ऐकत होती. वाचून संपलं, मी कागद खाली ठेवला. मला वाटलं, आपण हिचं सगळंच काढून घेतलं.

मग तिनं विचारलं, "अन् बारा दिवस पोरीनं खाल्लं काय?"

मावशीकडून ऐकलेलं मी सांगितलं, बोटीवर रत्नागिरीकडचा एक खलाशी होता. यांचं मराठी ऐकून तो रोज आपल्यातला डाळभात आणून द्यायचा. आईनं हात जोडले. "त्याचं भलं झालं असंल," म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून धार लागली. "भाकरीचं काय न्हाय गं. पोरगी समुद्रात उपाशी बसली, अन् म्या गावभर मिरवीत हुते. अन् त्येवढ्यातबी तिला माझीच काळजी."

पदरानं डोळे पुसून झाल्यावर मात्र नेहमीचा आवाज परत आला. "छापायचं तर छाप. पण लिही, भाकरीत खोट नव्हती. हवाच वली हुती." लिहिलंय, आई.

मग तिनं डबा पुढं ओढला. झाकण निघेना, मी काढून दिलं. वरची भाकरी उचलून तिनं कानाशी नेली, आयुष्यात पहिल्यांदाच, आणि मोडली.

"वाजली का गं?" तिनं मला विचारलं.

"वाजली," मी म्हटलं. खरंच वाजली होती.